पाटावर तिघी

बागेतला कडुनिंबाखालचा बाक माझा आहे, हे तिथे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. एखादी नवी आई चुकून तिथे बसलीच, तर दुसरी कोणीतरी तिला खुणेनं उठवायची, "खैरनारताईंची जागा आहे ती." मग मी जाऊन बसायचे. बसायचे कसली, कोसळायचे. पहाटे साडेपाचला स्कूटर काढून मी घरोघरी उपाशीपोटीचे रक्ताचे नमुने घेत फिरते. दुपारपर्यंत लॅब. मग केतकीची शाळा, केतकीचे व्यायाम, केतकीचे पट्ट्यांचे बूट. आमचे हे गुजरातेत, दहेजच्या एका कारखान्यात. पंधरा दिवसांनी दोन दिवस येतात आणि त्यातला एक दिवस झोपतात. तेव्हा त्या बाकावरचा एक तास म्हणजे माझं दिवसभरातलं एकुलतं एक सुख, आणि ते मला त्या बागेनं दिलं, असं मी ज्याला त्याला सांगत सुटायचे.

केतकी माझी धाकटी, नऊ वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण पाय आखडलेले. वॉकर धरून चालते, पावलं एकमेकांत अडकतात. साध्या बागांमध्ये आमचं दारातच अडायचं. तीन पायऱ्या, मग खडी, मग वाळू. एका बागेत रॅम्प होता म्हणून हौसेनं गेलो, तर त्याच्या तोंडाशीच कुंड्या मांडलेल्या. का, तर शोभेला!

म्हणून जुन्या जकात नाक्याच्या जागेवर ही नवी बाग झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्ही हजर. नाव 'सर्वांची बाग', आणि तिच्यात म्हणे 'जाणती जमीन'. तिथले इंजिनिअर तांबोळी म्हणून आहेत, पंचेचाळिशीचे. त्यांनी सगळ्या पालकांना उभं करून ती जमीन समजावून दिली, आणि माणूस भला, सोप्या भाषेत दिली. दुकानातली हवा काढून घेतलेली रव्याची पुडी आठवा, म्हणाले. विटेसारखी कडक असते. घरी आणून कोपरा कापला, हवा आत शिरली, की लगेच मऊ. दाणे तेच, फरक हवेचा. इथल्या रबरी जमिनीखाली तळहाताएवढ्या अशा लाखभर पिशव्या आहेत. प्रत्येकीत बारीक दाणे, हवेची नळी आणि दाब मोजणारं टिकलीएवढं यंत्र. चाकाची खुर्ची आली की तिच्याखालच्या पिशव्या कडक, चाक रुतत नाही. मूल पडलं की तिथल्या मऊ, लागत नाही.

"पण ही पडूच देत नाही," तांबोळी म्हणाले होते. माणूस एकदम पडत नाही. आधी त्याचा भार एका बाजूला सरकतो, अर्धा सेकंद तरी आधी. जमिनीला ते कळतं, ती त्या बाजूला केसभर उचलली जाते, कडक होते, आणि तोल सावरतो. आता प्रत्येक मूल आपापल्या तऱ्हेनं पडतं, म्हणून जमीन प्रत्येकाचं चालणं महिना-दोन महिने शिकत राहते. कॅमेरा नाही, नाव नाही. आमच्या मुलांचं चित्रण नको, असा पालकांचाच हट्ट होता. जमिनीला दिसत काही नाही, फक्त दाब कळतो. त्यासाठी दारात एक चौकोनी फरशी बसवलीय, तिला सगळे पाट म्हणतात. मुलानं पाटावर उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की जमिनीनं त्याला ओळखलं.

पहिल्या दिवशी पाट म्हणाला, "कृपया मुलाने एकट्याने उभे राहावे."

"अरे बाबा, एकटं उभं राहता आलं असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?" मी म्हटलं. मागे ही रांग. शेवटी मी केतकीला पुढून धरलं, शाल्मलीनं मागून, आणि आम्ही तिघी पाटावर चढलो. हिरवा दिवा लागला. दारावरच्या मंदाबाई म्हणाल्या, "चालतंय हो ताई, घेतलं त्यानं." झालं. तेव्हापासून अडीच वर्षं आम्ही तशाच चढत होतो.

शाल्मली माझी थोरली. तेव्हा साडेदहाची होती, आता चैत्रात तेरा पूर्ण झाली. समंजस पोर. इतकी समंजस, की तिच्याकडे बघायचं राहूनच जायचं.

सुरुवातीचे दोन महिने मी केतकीच्या बाजूनं वाकून वाकून चालले. मग एक दिवस कंबर धरली म्हणून बाकावर टेकले, आणि काय आश्चर्य, केतकी पडली नाही! अख्खी फेरी मारली. दुसऱ्या दिवशीही. मी देवाचे आभार मानले, तांबोळींचे मानले आणि डोळे मिटले. मध्येच जाग आली की दिसायचं: केतकी वॉकर खडखडवत चाललीय, कोणावर तरी ओरडतेय, आणि शाल्मली दोन पावलं मागे, हात मागे बांधून. मला वैताग यायचा. "जा ना गं खेळायला! काय शेपटासारखी तिच्या मागे मागे! देवानं धडधाकट पाय दिलेत ना?" ती हसायची आणि तिथेच राहायची. मी मनात म्हणायचे, मुलखाची आळशी कार्टी आहे.

आळशी म्हणावी तर हीच पोरगी शाळेत खो-खोच्या संघात. तिचे सर मला म्हणाले होते, "समोरच्याचा पाय कुठे पडणार हे हिला आधीच कळतं हो. हे शिकवून येत नाही." त्यांनीच तिचं नाव धाराशिवच्या उन्हाळी शिबिरासाठी पाठवलं. एक महिना. शाल्मली नको नकोच म्हणत होती. मी म्हटलं, जा, तेवढीच घरात एक कटकट कमी. असं बोलते मी. बसमध्ये चढतानाही ती मागे वळून म्हणाली, "आई, मी नसताना केतूला बागेत नाही नेलंस तर?" मी म्हटलं, "का? बाग काय तुझ्या मालकीची आहे?"

दुसऱ्याच दिवशी केतकी बागेत तीन वेळा पडली.

पहिल्यांदा पडली तेव्हा मला वाटलं स्वप्नच पडलं. तिथे कोणी पडतच नसे. लागलं काही नाही, जमीन मऊ झाली होती, पण केतकी पालथी पडून आभाळ डोक्यावर घेत होती. उठवली. दहा पावलांवर पुन्हा. मग पुन्हा. सगळ्या आया बघत राहिल्या. माझं टाळकं सरकलं. वॉकरसकट तिला तशीच उचलून तांबोळींच्या खोलीत नेली.

"तुमची जमीन बिघडलीय," मी म्हटलं. "जाणती म्हणे! कसली जाणती? पोर दाणकन पडली तिन्ही वेळा."

तांबोळींनी केतकीला बिस्किट दिलं, मला पाणी दिलं आणि पडद्यावर काहीतरी काढून बघत बसले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ताई, जमीन ठीक आहे. मला सांगा, तुमच्या मुलीला पाय किती?"

"थट्टा करताय का?"

"नाही हो. हे बघा." पडद्यावर बागेचा नकाशा होता, त्यावर ठिपके. "ही तुमच्या मुलीची नोंद. यात वॉकरची चार टोकं आहेत, दोन पाय तिचे. आणि हे आणखी दोन पाय. दोन पावलं मागे. वजन आधी एकतीस किलो, आता अडतीस. तुम्ही पहिल्या दिवशी पाटावर एकत्र चढलात का?"

मी मान हलवली.

"म्हणजे जमिनीच्या लेखी हे सगळं मिळून एकच मूल. पहिल्या दोन महिन्यांत आणखी दोन पाय होते, चौसष्ट किलोचे. ते नंतर गेले." ते माझ्याकडे बघायचं टाळत होते. "हे मागचे मात्र अडीच वर्षांत एकही दिवस चुकले नाहीत. आता गंमत बघा. केतकीचा तोल जायच्या अर्धा सेकंद आधी जमिनीला कळतं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. पण या मागच्या मुलीला त्याच्याही आधी कळतं. केतकीचं पाऊल वाकडं पडणार असं दिसलं, की हिच्या चवड्यांवर भार येतो, धावायच्या तयारीत. दर वेळी. जमिनीनं ते हेरलं. तिला याहून चांगली खूण मिळालीच नाही. ताई, आमची जमीन केतकीकडे लक्षच देत नव्हती. ती या मागच्या चवड्यांवर लक्ष ठेवून होती. आज ते चवडे नाहीत, तर ती वाट बघत बसली."

"मग मी चालते मागे."

"तुमचं तिला काही कळणार नाही. आणि राग मानू नका, त्या दोन महिन्यांतलं दिसतंय इथे, तुम्ही उशिरा वाकता."

मी खुर्चीत बसून राहिले. मला माझीच लाज वाटत होती, आणि लाज वाटून घ्यायलाही अंगात जोर नव्हता. ज्या एका तासासाठी मी बागेचे गोडवे गात होते, तो तास मला माझी पोरगी देत होती. रोज. आणि वर मी तिला शेपूट म्हणत होते.

"काय करता येईल?" मी विचारलं.

"दोन रस्ते. एक, थोरली परत येईस्तोवर धाकटीला आणू नका. ती आली की सगळं पूर्वीसारखं. दुसरा, नोंद फोडायची. जमीन केतकीला नव्यानं एकटीला शिकेल. दोन-अडीच महिने ती पडेल. पुढेही पडेल अधूनमधून. खरं सांगतो, थोरलीइतकं चांगलं आमच्या जमिनीला कधीच जमणार नाही. आणि एकदा फोडली की परत जोडता येत नाही."

मोह झाला मला. खोटं कशाला सांगू? चार आठवडे कळ काढायची, मग पुन्हा माझा बाक, माझा तास. शाल्मलीला तरी काय, रोजचा तासभर. मी घरी आले, केतकीला दूध दिलं आणि शिबिराच्या नंबरवर फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"आई? पडली का?"

मी अजून हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं.

"कोण पडली?"

"केतू. पडली ना? मी सरांना सांगून ठेवलंय, कदाचित जावं लागेल म्हणून. उद्या सकाळी सातची गाडी आहे. मी बघून ठेवलीय."

"शाल्मली, तुला हे ठाऊक होतं?"

 "पहिल्या उन्हाळ्यात मी एकदा पाणी प्यायला नळावर गेले, तर ती पडता पडता राहिली. मग मी मुद्दाम दुसऱ्यांदा जाऊन बघितलं. परत तसंच. मग नाही गेले."

"पाणी प्यायला?"

"घरी आल्यावर प्यायचे ना."

"अगं पण मला का नाही सांगितलंस?"

"तू झोपलेली असायचीस," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही. अगदी सहज, जसं काही आईची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा आवाज कमी केला होता.

 फोनवर रडले असते तर ती सातची कशाला, पाचचीच गाडी पकडून आली असती. म्हणून मी ओरडले. "गाडीबिडी काही बघायची नाही! कोणी पडलं नाही इथे. सगळं ठीक आहे."

"मग फोन का केलास?"

"पाणी नीट पितेस का, ते विचारायला. पी. भरपूर पी. आणि महिना संपल्याशिवाय तोंड दाखवू नकोस."

केतकी सगळं ऐकत होती, ओठांवर दुधाच्या मिशा. तिला मी सरळ सगळं सांगितलं. जी पडणार तिलाच विचारायला नको?

"म्हणजे मी पडणार?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"हो गं."

"आणि ताई आली तरी?"

"ताई आली तरी."

तिनं विचार केला. "मग ताई काय करणार बागेत?"

"खेळेल."

"ताई?" केतकी खुदकन हसली. "तिला येतं खेळायला?" मग म्हणाली, "फोड. पण तिला सांगू नकोस. ती येऊन बसेल."

दुसऱ्या दिवशी तांबोळींनी नोंद फोडली. केतकी पाटावर एकटी चढली, वॉकर धरून, घामाघूम होत. मंदाबाईंनी टाळ्या वाजवल्या. हिरवा दिवा लागायला पाऊण मिनिट लागलं, आणि आत गेल्या गेल्या ती पडली. त्या दिवशी सात वेळा पडली. मी चार हातांच्या आत यायचं नाही, अशी तांबोळींची ताकीद होती, नाहीतर जमीन पुन्हा मलाच शिकली असती. म्हणून मी बाकावर बसायचे, मांडीवर दोन्ही हात दाबून. तोच बाक, तोच कडुनिंब, पण डोळा म्हणून लागत नव्हता. एवढं थकून मी आयुष्यात कधी बसले नव्हते. एकदा एक बाई येऊन म्हणाली, "अहो, तुमची मुलगी पडलीय, उठवत का नाही?" मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

केतकी मात्र पडल्या पडल्या जमिनीशीच भांडायची. "आंधळी आहेस का? डावीकडे! डावीकडे म्हटलं ना तुला!" मग वॉकरला लोंबकळत, कोपरं टेकत, पाच-पाच मिनिटं लावून उठायची. तिसऱ्या आठवड्यात एका फेरीत दोनदा पडणं, इथवर गाडी आली. तिथून खाली काही ती अजूनही उतरत नाही. तांबोळी म्हणतात, इतकंच राहील बहुतेक.

रोज संध्याकाळी फोनवर शाल्मली विचारायची, "केतू कशी आहे?" आणि आम्ही दोघी एका सुरात सांगायचो, "मस्त!"

महिन्यानं ती आली. रापलेली, केस कापलेली, दोन्ही गुडघ्यांवर खपल्या. गुडघ्यांवर खपल्या असलेली माझी थोरली मी पहिल्यांदाच बघत होते. तिला बागेच्या वाटेवर सगळं सांगितलं. ती एकदम थांबली. "आई, कायमचं? जोडता नाही येणार?"

"नाही."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते मला ठाऊक आहे."

ती वळून बागेकडे चालायला लागली. दारात केतकी पाटावर चढली, हिरवा दिवा लागला, आणि ती ऐटीत आत गेली. शाल्मलीनं सवयीनं तिच्यामागोमाग पाऊल टाकलं, तर पाट बोलला.

"नमस्कार. आपली ही पहिलीच भेट दिसते. स्वागत आहे."

शाल्मलीनं माझ्याकडे बघितलं. "आई, हा मला ओळखतच नाही."

अडीच वर्षं. पावसाळे सोडले तर रोज. मला वाटलं ती हसेल, पण ती हसली नाही.

"कृपया वय सांगा."

"तेरा."

"झोपाळे, घसरगुंडी आणि चक्र बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. आपली नोंद सोबत आलेली मोठी व्यक्ती अशी घेत आहोत." पिवळा दिवा लागला.

"बरोबर आहे की," शाल्मली म्हणाली, आणि हात मागे बांधून केतकीच्या दिशेनं निघालीसुद्धा.

ते "बरोबर आहे की" ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिचं मनगट धरलं. "मागे ये. उतर. पुन्हा चढ, आणि बारा सांग."

"आई! खोटं?"

"हो, खोटं! मोठी व्यक्ती म्हणे. या बागेत मोठी व्यक्ती मी आहे. मी बाकावर झोपा काढत होते म्हणून तू मोठी झालीस. चढ म्हणते ना!"

"पण नियम आहे—"

"मंदाबाई," मी म्हटलं, "हिचं वय काय असेल हो?"

मंदाबाईंनी शाल्मलीला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. पोरगी जवळजवळ त्यांच्याएवढी उंच. "बाराच्या वर एक दिवस नाही," त्या म्हणाल्या, आणि बटण दाबून पिवळा दिवा विझवला.

शाल्मली पुन्हा चढली. "बारा," ती इतक्या हळू म्हणाली की पाटानं दोनदा विचारलं. मग हिरवा दिवा लागला.

आत येऊन ती झोपाळ्यांपाशी नुसती उभी राहिली. "आता मी काय करू?"

"बस."

बसली. पाय लांब झालेले, गुडघे वर येत होते. नजर केतकीवर. मी पण पहिल्यांदाच केतकीवर नाही, हिच्या पायांवर नजर ठेवली, आणि ते मला दिसलं. तिचे चवडे जमिनीत रुतले, टाचा उचलल्या गेल्या. त्यानंतर, खरोखर त्यानंतर, पलीकडे केतकी पडली.

शाल्मली अर्धी उठली होती. मी तिच्या खांद्यावर हात दाबला. "बस."

"आई, ती—"

"मला दिसतंय. बस."

लांबून केतकी पालथ्या पालथ्याच ओरडली, "ए ताई, माझ्याकडे काय बघतेस? झोका घे की!" आणि वॉकरचा दांडा शोधायला लागली.

शाल्मलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्याही. बाक रिकामा होता, माझी कंबर दुखत होती, पण मी तिकडे गेले नाही. मी शाल्मलीच्या मागे जाऊन उभी राहिले, तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि ढकललं. पहिल्या दोन झोक्यांना ती चवडे घासतच राहिली. मग तिनं पाय उचलले.

चार-पाच झोके झाले असतील.

"आई," ती म्हणाली, "जोरात ना."